अहो-सान

जपानवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही पाठीला उशी घेऊन बसला असाल. आता चेरीची फुलं येणार, मग वेळेवर येणारी ट्रेन, मग हरवलेलं पाकीट जसंच्या तसं परत मिळाल्याची गोष्ट, आणि शेवटी ‘आपल्याकडे हे कधी होणार’ असा एक उसासा. उशी काढा. यातलं काही नाहीये. वकिलीची गोष्ट आहे, पण कोर्टही नाही आणि टेबलावर हातोडा आपटणारा जज्जही नाही. एक काळा सूट आहे, एक चकाचक ऑफिस आहे, आणि एक मराठी शब्द आहे. तो तुम्ही आज सकाळपासून दहा वेळा तरी वापरला असेल. मला मात्र तो त्या ऑफिसातल्या आवाजात आठवला की मी अजून विषय बदलतो.

माझी शाळा बार्शीची. अभ्यासात मधला, नकलांत पहिला. गॅदरिंगला हेडसर स्वतःची नक्कल बघायला पहिल्या रांगेत बसायचे, पोट धरून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून कान पिळायचे. मी कानाला हात लावून बाहेर यायचो आणि कान पिळतानाच्या हेडसरांची नक्कल व्हरांड्यातच सुरू. पुढे पुण्यात लॉ केलं, स्कॉलरशिप लागली आणि टोकियोला मास्टर्सला आलो. राहायला टोकियोला लागून असलेल्या इचिकावात, मामाकडे. मामा मुंबईच्या एका बँकेत, इथे पोस्टिंगवर. सोबत मामी.

मास्टर्समध्ये मी जहाजांच्या प्रेमात पडलो. जहाज बघून नाही, जहाजाचा करार वाचून. जहाज बंदरात उशिरा पोचलं, बंदरात जागा नाही, बाहेर समुद्रात ताटकळत उभं आहे. मग हे ताटकळणं कोणाच्या माथी मारायचं, यावर पानंच्या पानं. बार्शीपासून कुठल्याही दिशेला गेलात तरी समुद्र लांबच. पण ती पानं वाचताना मला तिखट भेळ खाल्ल्यासारखं व्हायचं. नाकातोंडातून पाणी, आणि अजून पाहिजे.

हे काम करणारी इंग्लिश पद्धतीची एक फर्म टोकियोत होती. त्या पद्धतीत नुसत्या डिग्रीवर भागत नाही. फर्मने तुम्हाला दोन वर्षं शिकाऊ म्हणून ठेवून घ्यावं लागतं, त्याला ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. आणि ते द्यायच्या आधी उन्हाळ्यात दोन आठवड्यांची प्लेसमेंट. म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, फक्त पोहे पंधरा दिवस खायचे. कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर जपान आणि जहाजं. नाही मिळालं तर मार्चमध्ये डिग्री आणि व्हिसा दोन्ही संपणार, आणि वडिलांनी तालुका कोर्टासमोर त्यांच्या मित्राच्या ऑफिसात माझ्यासाठी खुर्ची सांगूनच ठेवली होती. प्रतिज्ञापत्रं, वारसदाखले, बांधाची भांडणं. वाईट नाही काही ते काम. पण तिथे जहाज येत नाही.

तर अर्ज. एकाच फर्मवर कोण विसंबतो? सगळीकडे केले. सगळीकडे पहिला प्रश्न तोच: तुम्हाला आमचीच फर्म का? खरं उत्तर ‘कारण तुमची लिंक उघडली’ हे होतं. पण लिहायचं काय, तर तुमची सहकार्याची संस्कृती मला भावते. एका दिवसात मला सात ठिकाणची संस्कृती भावली. लिहून लिहून अशी शिसारी आली की जेवताना मामीने ‘भाजी आवडली का’ विचारलं तर घशाशी आलं, तुमची भाजीची संस्कृती मला भावते.

आणि नकार कसे! जपानी कंपनी ‘नाही’ म्हणत नाही. ती प्रार्थना करते. मेल येतो, आपल्या अर्जाचा अत्यंत काळजीपूर्वक विचार केला आणि यापुढे आपल्या उत्कर्षासाठी आम्ही प्रार्थना करतो. इथली मुलं त्याला प्रार्थना-मेलच म्हणतात. माझ्यासाठी एवढी प्रार्थना माझ्या आईनेही केली नसेल, आणि ती दर चतुर्थीला उपाशी असते.

युनिव्हर्सिटीत मुलाखतीची तयारी करून घ्यायचा वर्ग होता, तिथेही गेलो. एक हॉलभर पोरं, सगळ्यांचा सूट काळा, शर्ट पांढरा, केस चापूनचोपून. शिकवणाऱ्या मॅडमनी दार कसं वाजवायचं ते शिकवलं. तीनदा वाजवायचं. दोनदा वाजवलं तर त्याचा अर्थ होतो, संडासात कोणी आहे का? मग कमरेतून वाकणं. मग बसणं, पण बसा म्हटल्याशिवाय नाही. मग हसणं. दात किती दिसले पाहिजेत तेही ठरलेलं. आणि मग एकेकाने उभं राहून स्वतःबद्दल सांगायचं. पहिला म्हणाला, मी गटामध्ये वंगणासारखा आहे. दुसरी म्हणाली, मी वंगणासारखी आहे. तिसराही वंगण. हॉलमध्ये एवढं तेल झालं की मला वाटलं आता उठलो तर घसरून पडेन.

मी नकला करणारा माणूस. नक्कल करायला समोर कोणीतरी खरा लागतो, त्याची एक खोड लागते. इथे सगळा हॉल मिळून एका माणसाची नक्कल करत होता आणि तो माणूस कुठे नव्हताच. माझी पाळी आली तेव्हा मीही उभा राहिलो आणि म्हणालो, मी वंगण. मॅडम म्हणाल्या, उच्चार फार छान.

आता तो शब्द.

मामी मामाला अहो म्हणते. नाव घेत नाही. यात आपल्याला नवल काहीच नाही. पण जपानीत ‘अहो’ म्हणजे येडा. मठ्ठ. उच्चार अगदी तोच, हेल थोडा वेगळा. इचिकावाच्या सुपरमार्केटमध्ये मामी भाज्यांपाशी उभी राहून ओरडते, “अहो! अहो, कोथिंबीर मिळाली!” आणि माशांपाशी उभी असलेली पाच-सहा माणसं दचकून वळतात. मामाने किती वेळा समजावलं.

“अगं, इथे तरी नाव घे ना.”

“काही नको. जीभ वळत नाही माझी.”

“लोक बघतात.”

“बघू देत. त्यांना काय माहीत, तुम्ही आहात का नाही ते?”

जहाजवाल्या फर्मची पहिली मुलाखत ऑनलाइन होती. मी मामाच्या बेडरूममध्ये, वर सूट, खाली हाफ पँट. समोर स्क्रीनवर दोन जण. एक सीनियर पार्टनर. जपानमध्ये वकिलाला सेन्सेई म्हणतात, म्हणजे गुरुजी, आणि मी मनात त्यांना तेच म्हणायला लागलो. दुसऱ्या, उमेदवारांचं सगळं बघणाऱ्या एक पन्नाशीच्या बाई. गुरुजी आणि बाई. मला एकदम प्राथमिक शाळेत आल्यासारखं वाटलं.

गुरुजी मूळचे ओसाकाचे, पण बरीच वर्षं लंडनला काढलेले. बोलायच्या आधी दातांतून स्स्स करून हवा आत घ्यायचे, करंगळीने चष्मा वर सरकवायचे आणि मध्येच एखाद्या वाक्याच्या शेवटी इंग्रजीत ‘क्वाइट’, म्हणजे ‘अगदी’, म्हणायचे. मी नकलेसाठी नोंद घेऊन टाकली.

“स्स्स. तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?”

मी तोंड उघडलं, आणि उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

“अहो! अहो, ऐकलंत का? कुकर बंद करा ना!”

गुरुजींची करंगळी चष्म्यावरच राहिली.

“मला आत्ता येडा कोण म्हणालं?”

मग मी सगळं सांगितलं. मामी, मामा, नाव न घेणं, हा मानाचा शब्द असणं. गुरुजी हसता हसता लाल झाले. बाई तोंडावर हात धरून हसल्या, पण डोळ्यांत खरं हसू होतं. गुरुजी म्हणाले, परत करून दाखवा, मामीच्या आवाजात. मी करून दाखवलं. कुकरच्या शिट्टीसकट. जहाजांबद्दल मी जे पाठ करून आलो होतो त्यातलं एक अक्षर कोणी विचारलं नाही. दोन दिवसांत प्लेसमेंटचा मेल आला. प्रार्थना नव्हती.

मामा खूश. मामीने शिरा केला. “बघ, माझ्या हाकेने लागली तुझी नोकरी.”

“नोकरी नाही गं मामी, प्लेसमेंट.”

“तेच ते. पोहे आवडले म्हणजे झालं.”

प्लेसमेंटला आम्ही चार उमेदवार होतो. त्यातला एक सिंगापुरात वाढलेला जपानी मुलगा, त्याचं हसणं सगळ्यात तयार. गुरुजींनी तोंड उघडायच्या आतच तो हसायला लागायचा. कॉन्ट्रॅक्ट एकच होतं हे चौघांनाही माहीत होतं.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला ऑफिस दाखवलं. त्यांच्या खणात उमेदवारांसाठी सगळं असायचं. कोटावरचे केस काढायचा चिकट रोलर, जादा मोजे, पोटाच्या गोळ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तुम्ही आधी कारण सांगता आणि मग उत्तर. सेन्सेईंना आधी उत्तर लागतं.” मला बार्शीच्या शाळेतल्या बाईच आठवल्या. त्याही अशाच हळू बोलायच्या.

दुपारी गुरुजींनी सगळ्यांना जमवून माझी ओळख करून दिली. कुकरची गोष्ट सांगितली. मला परत मामी करायला लावली. सगळे हसले. मग गुरुजींनी दोनदा टाळी वाजवली आणि बाईंकडे वळून म्हणाले,

“अहो-सान! चहा.”

जपानी ‘सान’ म्हणजे आपलं ‘जी’. येडे-जी! क्षणभर कोणाला कळलं नाही हसायचं का. गुरुजींनी माझ्याकडे बघितलं. “इंडियात हा मान आहे. हो ना?”

मी म्हणालो, “हाई.” म्हणजे हो. म्हणजे ऐकतोय. म्हणजे काहीही.

“आणि ओसाकात हे प्रेमाने म्हणतात. क्वाइट.”

झालं. एका शिवीला दोन दोन पासपोर्ट मिळाले. ओसाकात तो शब्द लाडाचा असेलही, पण बाई टोकियोच्या. टोकियोत तो बोचतो, हे तिथल्या टाइल्सनाही माहीत होतं. बाई हसल्या, “हाई” म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसचं खेळणंच झालं. अहो-सान, फाइल. अहो-सान, मीटिंग रूम. तरुण वकीलही म्हणायला लागले, आणि म्हणताना आधी माझ्याकडे बघून मान डोलवायचे, जसं काही मी परवाना देणारा अधिकारी. गुरुजी दर वेळी तेच विचारायचे, “मान आहे, हो ना?” दर वेळी मी, “हाई.” सिंगापूरवाला खिदळायचा. आणि बाई दर वेळी तेच हसायच्या, वर्गात शिकवलेलं, ठरलेले दात दाखवून. मला त्या हसण्याचा एवढा वीट आला की ट्रेनमध्ये समोर कोणी हसलं तरी मी मान फिरवायचो.

कामाचं विचाराल तर काम छान होतं, तेच तर वाईट होतं. मला एक खरा करार वाचायला दिला. जहाज बंदराबाहेर अडकलेलं, कोळशाने भरलेलं. मी त्यातल्या एका कलमात एक फट शोधली. गुरुजी म्हणाले, “स्स्स. गुड. व्हेरी गुड.” मनापासून म्हणाले. आणि त्याच दमात, टाळी वाजवून, “अहो-सान, याची कॉपी.” ज्या तोंडातून माझं कौतुक आलं त्याच तोंडातून ते आलं. चांगल्या श्रीखंडात केस निघावा तसं झालं. गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

घरी सांगितलं. मामा म्हणाला, “दोन आठवडे काढ गुपचूप. कॉन्ट्रॅक्ट हातात आल्यावर काय करायचं ते कर.”

मामी म्हणाली, “त्या बाईला नवरा आहे का?”

“माहीत नाही.”

“असेल तर तो काय म्हणत असेल तिला?” असं म्हणून ती आत गेली. त्या संध्याकाळी तिने मामाला हाकच मारली नाही. ताट वाढून नुसती उभी राहिली.

शेवटच्या दिवशी दुपारी जेवण होतं. फर्मचे क्लायंट आलेले, एका जहाज कंपनीचे वयस्कर साहेब आणि त्यांची माणसं. बाई टेबलावर नावाच्या पाट्या लावत होत्या. सूप आलं, आणि गुरुजी उठले. त्यांनी कुकरची गोष्ट सांगितली. गोष्ट आता बरीच वाढली होती, तिच्यात मामी लाटणं घेऊन आली होती. मामीने लाटणं कधी कुणावर उगारलं नाही हो. मग दोनदा टाळी.

“आता आपला इंडियन मित्र करून दाखवेल. तो बायको होईल. आणि नवरा, अहो-सान, तुम्ही या. इथे उभ्या राहा.”

बाई हातातली पाटी ठेवून आल्या. पाठांतर न झालेल्या पोरीला गॅदरिंगच्या स्टेजवर ढकलावं तशा, हात पुढे जुळवून उभ्या राहिल्या. हसत होत्या. ठरलेले दात.

मी उठलो. खरं सांगतो, मामीच करणार होतो. मामी तोंडात आलीच होती. पण बाईंच्या समोर उभं राहून ती बाहेर पडेना. आणि नकलाकाराचं असं असतं की आत एक अडकला की दुसरा आपोआप बाहेर येतो.

मी दातांतून स्स्स करून हवा आत घेतली. करंगळीने नसलेला चष्मा वर सरकवला. दोनदा टाळी वाजवली.

“अहो-सान! चहा. इंडियात हा मान आहे. ओसाकात हे प्रेम आहे. क्वाइट.”

आवाज हुबेहूब. एवढी चांगली नक्कल मी बार्शीतही केली नव्हती. सिंगापूरवाला सवयीने हसायला लागला आणि मध्येच, बटण दाबल्यासारखा बंद पडला. जहाज कंपनीचे साहेब एकदाच “हा!” करून मोठ्याने हसले, मग त्यांची नजर बाईंवर गेली आणि त्यांनी चमचा खाली ठेवला. गुरुजींचं स्मित तसंच होतं. फक्त मानेजवळची कातडी लाल झाली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. “ओमोशिरोई.” गंमतशीर.

बाई म्हणाल्या, “सूप गार होतंय. सगळ्यांनी सुरुवात करा.”

पुढच्या आठवड्यात मेल आला. फर्म माझ्या उत्कर्षासाठी प्रार्थना करत होती. सिंगापूरवाल्याला कॉन्ट्रॅक्ट मिळालं, असं त्यानेच कळवलं, शेवटी हसण्याची तीन चित्रं टाकून. मामा दोन दिवस बोलला नाही. वडील फोनवर म्हणाले, खुर्ची अजून रिकामी आहे. मी रडलो नाही, पण मास्टर्सचं पुस्तक उघडलं की ते कोळशाचं जहाज तिथेच उभं दिसायचं आणि मी पुस्तक मिटायचो.

मग बाईंचा मेल आला. प्रवेशाचं कार्ड परत करायचं राहिलंय, स्टेशनजवळच्या कॉफीच्या दुकानात दुपारी भेटू शकाल का? मला वाटलं, कार्ड हे निमित्त. आभार मानायचे असतील बाईंना, ऑफिसात कशा मानणार? मी इस्त्रीचा शर्ट घातला. आभार मानल्यावर काय म्हणायचं तेही ट्रेनमध्ये ठरवलं. अहो, त्यात काय एवढं.

बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मी कॉफी मागवली आणि कार्ड दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, पर्समध्ये ठेवलं, पर्स बंद केली. जपानीत आदराच्या पायऱ्या असतात, आपल्या आपण-तुम्ही-तू सारख्या. बाई सगळ्यात वरच्या पायरीवरून सुरू झाल्या.

“आपण त्या दिवशी जे केलंत, ते कोणासाठी केलंत?”

“तुमच्यासाठी.”

“मी आपल्याला तसं सांगितलं होतं का?”

“नाही. पण ते जे चाललं होतं, ते मला बघवत नव्हतं. किळस येत होती.”

“किळस आपल्याला येत होती. आणि उभं मला राहावं लागलं.” त्यांनी कप बाजूला सरकवला. “दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी मुलगा काहीतरी गंमत घेऊन येतो. गेल्या वर्षी दुसरा शब्द होता. त्याच्या आधी एक गाणं होतं. थंडी पडेपर्यंत ते शिळं होतं. मी वाट बघते. तुम्हाला वाटलं मला कळत नाही?”

“तसं नाही, पण...”

“तुम्ही घरी गेलात. मला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं. जहाज कंपनीच्या साहेबांनी फोन करून मी बरी आहे ना म्हणून विचारलं. मग सेन्सेईंनी माझी माफी मागितली. सगळ्यांसमोर, कमरेत वाकून.”

“माफी मागितली?” मला हसू आलं. “मग बरंच झालं की!”

त्यांनी टेबलावर बोट आपटलं. शेजारच्या टेबलावरचा माणूस वळला. आणि बाई शेवटच्या पायरीवर उतरल्या.

“हसू नकोस. ज्या माणसाला सगळ्यांसमोर माझ्यापुढे वाकावं लागलं, तो मला समोर ठेवेल का? सोमवारपासून मी खालच्या मजल्यावर. जुन्या फाइलींजवळ. माझ्या सोयीसाठी, असं लिहिलंय. उमेदवारांचं काम गेलं. ते काम मला आवडत होतं.”

“हाई.”

“हाई म्हणू नकोस! त्यांना हाई, मला हाई, दोन आठवडे नुसतं हाई. ते विचारत होते ना, मान आहे ना म्हणून? पहिल्या दिवशी तुला नाही म्हणता आलं असतं. साधं. तुझ्या भाषेतला शब्द, तुला माहीत. तेव्हा गप्प बसलास आणि शेवटी जेवणाच्या टेबलावर नाटक केलंस. आणि करताना माझ्याकडे बघत पण नव्हतास. कोण हसतंय ते बघत होतास.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला अजूनही वाटतं की गुरुजींना ती नक्कल बघायलाच हवी होती, आणि मी तेच म्हणणार होतो.

“एवढे सगळ्यांचे आवाज काढतोस. मधल्या कुठल्याही दिवशी माझ्या टेबलाशी येऊन तुझ्या स्वतःच्या आवाजात विचारायचं होतंस, बाई, मी काही बोलू का. एवढं पण सुचलं नाही? वकील व्हायला निघालाय. ज्याची केस आहे त्याला आधी विचारतात, हे कोणी शिकवलं नाही? आणि ती कॉफी संपव. मागवलीस ना? मग संपव.”